अवजड यंत्रे, दबलेली जमीन आणि आपली पिके

(हर्सूल येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज हर्सूलला येताना आपल्यापैकी काहीजण सावंगीच्या बाजूने आले असतील. तेथून जवळच समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये वाहतुकीस खुला झाला. अशा रस्त्याचा भराव कसा घालतात, हे आपण येता-जाता पाहिलेले असेल. प्रथम मातीचा थर पसरतात, मग टँकरने त्यावर पाणी शिंपडतात आणि त्यानंतर जड रोलर फिरवितात. कोरड्या मातीवरच रोलर का फिरवीत नाहीत? कारण कोरडे कण एकमेकांना अडवून धरतात आणि दबण्यास विरोध करतात. उलट माती पाण्याने गच्च भरली, तर ते पाणीच पोकळीतील जागा अडविते आणि माती दबण्याऐवजी बाजूस सरकते. या दोहोंच्या मध्ये एक ओल अशी असते की, तेवढ्याच वजनाने माती सर्वाधिक घट्ट होते. अमेरिकेतील प्रॉक्टर नावाच्या अभियंत्याने १९३३ साली ही गोष्ट मोजून दाखविली आणि आज जगभर रस्ते व धरणांचे भराव याच नियमाने घातले जातात.

रस्त्याला जे उपकारक तेच शेताला मारक, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. पाऊस उघडल्यावर दुसऱ्याच दिवशी ओलसर रानात ट्रॅक्टर घालणारा शेतकरी नकळत रोलर चालविणाऱ्याचेच काम करीत असतो. फरक इतकाच की, रस्त्याच्या भरावावर पीक घ्यावयाचे नसते.

जमीन म्हणजे केवळ माती नव्हे

सुस्थितीतील शेतजमिनीचा निम्माच भाग मातीच्या कणांचा असतो. उरलेला निम्मा भाग म्हणजे पोकळी. या पोकळीत पाणी आणि हवा नांदतात. मोठ्या पोकळ्यांतून पावसाचे पाणी खाली उतरते व हवा खेळते. बारीक पोकळ्यांत पाणी धरून ठेवले जाते. चाकाचे वजन पडले की प्रथम नाहीशा होतात त्या मोठ्या पोकळ्या. मातीचा एकही कण कमी होत नाही, खताचे एकही मूलद्रव्य घटत नाही. तरी जमिनीची तब्येत बिघडते.

हे मोजताही येते. सुस्थितीतील काळ्या मातीचे कोरडे वजन एका घनसेंटिमीटरला सर्वसाधारणपणे १.२ ते १.३ ग्रॅम भरते. चिकणमातीत ते १.४५ च्या पुढे गेले, म्हणजे मुळांची वाढ खुंटू लागते. आकडा थोडाच वाढलेला दिसतो, पण वाढ झाली ती सगळी पोकळीच्या मोलावर. जमिनीतील हवेचे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली गेले की बहुतेक पिकांची मुळे गुदमरतात.

ओझे किती आणि जाते कोठवर

आपल्याकडील ४० ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन सुमारे दोन टन असते. मागे औजार जोडले आणि ओढीचा ताण आला की त्यातील बराच भार मागच्या दोन चाकांवर येतो. खोदकामाच्या यंत्राचे वजन सात-आठ टन असते. धान्याची टाकी भरलेले कापणी-मळणी यंत्र आठ-दहा टनांपर्यंत जाते. उसाने भरलेल्या ट्रॉलीचे वजन त्याहूनही अधिक होऊ शकते.

यावर कोणी विचारील की, बैलाच्या खुराखालीही जमीन दबतेच ना? प्रश्न रास्त आहे. बैलाचे खूर लहान असते. त्यामुळे दर चौरस सेंटिमीटरला पडणारा त्याचा दाब ट्रॅक्टरच्या टायरपेक्षा कमी नसतो. परंतु पृष्ठभागावरचा दाब आणि खोलवर पोहोचणारा दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पृष्ठभागावर किती दाब पडेल, हे मुख्यतः टायरमधील हवेवर अवलंबून असते. तो दाब किती खोल जाईल, हे चाकावरील एकूण भारावर अवलंबून असते. बैलाच्या खुराचा परिणाम वरच्या चार-सहा इंचांत संपतो आणि पुढच्या वखराच्या पाळीने निघून जातो. जड यंत्राचा परिणाम नांगराच्या तळाखाली जातो, जेथे आपले कोणतेही नित्याचे औजार पोहोचत नाही. ओलसर जमिनीत एका आसावर दहा टन भार आला, तर त्याचा परिणाम अर्ध्या मीटरपर्यंत पोहोचलेला प्रयोगांत आढळून आला आहे.

थॉमस केलर आणि डॅनी ओर या दोन मृदाशास्त्रज्ञांनी २०२२ साली एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५८ साली भरलेल्या कापणी-मळणी यंत्राचे वजन सुमारे चार टन होते. २०२० पर्यंत पाश्चात्त्य देशांतील मोठ्या यंत्रांचे वजन सुमारे ३६ टनांवर गेले. यंत्रे वाढली तसे टायरही रुंद झाले. त्यामुळे वरचा दाब फारसा वाढला नाही आणि धोका डोळ्यांना दिसला नाही. खालचा थर मात्र दबत गेला. जगातील सुमारे २० टक्के लागवडीखालील जमिनीला या प्रकारचा मोठा धोका आहे, असा त्यांचा अंदाज आहे. तो धोका प्रामुख्याने युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथील विस्तीर्ण शेतांचा आहे. आपल्याकडे एवढी अजस्र यंत्रे नाहीत. पण आपल्याकडे दुसरी अडचण आहे, ती फेऱ्यांची.

एक साधा हिशेब करू. ट्रॅक्टरच्या मागच्या एका चाकाची रुंदी सुमारे एक फूट; दोन चाकांची मिळून दोन फूट. मागे पाच फुटी रोटाव्हेटर असला, तर प्रत्येक पाच फुटांतील दोन फूट जमीन, म्हणजे दर शेकडा ४० भाग, एकाच पाळीत चाकाखाली येते. मग नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी, फवारणी, काढणी, वाहतूक अशा फेऱ्या दरवेळी वेगळ्या वाटेने झाल्या, तर हंगामाअखेर चाक न लागलेली जागा फारशी उरत नाही. शिवाय बहुतेक नुकसान पहिल्याच फेरीत होते. नंतरच्या फेऱ्या त्यात थोडथोडी भर घालतात. म्हणून दहा वाटांनी एकेकदा जाण्यापेक्षा एकाच वाटेने दहा वेळा जाणे बरे.

रोटाव्हेटरविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. त्याची पाती दरवर्षी त्याच चार-सहा इंच खोलीवर फिरतात. वरची माती पिठासारखी होते व रान देखणे दिसते. पण पात्यांच्या तळाशी ओली माती घासून गुळगुळीत थर तयार होतो. पहिल्या जोराच्या पावसात वरचे पीठ बसते, त्याची पपडी धरते आणि उगवण अडते. दिसावयास मऊ आणि आतून कठीण अशी ही जमीन होय.

आपली जमीन आणि तिची मर्यादा

आपल्या जिल्ह्यातील जमीन बेसाल्ट म्हणजे काळ्या पाषाणापासून झालेली आहे. गोदावरीच्या काठी पैठण, गंगापूर, वैजापूरकडे ती खोल आहे. डोंगराच्या बाजूस ती हलकी ते मध्यम असून थोड्याच खोलीवर मुरूम लागतो. या काळ्या मातीतील चिकणकण ओल लागली की फुगतात व वाळले की आक्रसतात. उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा त्यामुळेच पडतात. काळी जमीन आपली नांगरट आपणच करते, असे जाणती माणसे म्हणत. त्यात तथ्य आहे. भेगांमुळे दबलेला थर हळूहळू फुटतो.

पण या गुणाला मर्यादा आहेत. ही दुरुस्ती वरच्या थरात लवकर होते. दीड फुटाखाली तिला फार वर्षे लागतात. दुसरे असे की, जमीन पुरती वाळली तरच भेगा पडतात. जायकवाडीच्या पाण्यावर उसाखाली बाराही महिने ओली राहणारी जमीन वाळणार केव्हा आणि सावरणार केव्हा? अशाच रानात उसाच्या ट्रॉल्या जातात आणि चिबडपणाची तक्रारही तेथूनच अधिक येते. तिसरी गोष्ट हलक्या जमिनीची. जेथे मुळांना मिळून सव्वा-दीड फूटच माती आहे, तेथे आठव्या इंचावर कठीण थर झाला, तर अर्धे शेत गेले असेच समजावयाचे.

पिकावर व पाण्यावर परिणाम

मुळाच्या टोकाला मातीत घुसावयास जोर लावावा लागतो. मातीचा विरोध दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० किलोग्रॅमपर्यंत गेला की बहुतेक पिकांची मुळे पुढे जात नाहीत. कपाशीचे झाड उपटून पाहावे. सोटमूळ सरळ खाली न जाता सात-आठ इंचांवर काटकोनात वळलेले दिसले, तर ते मूळच आपल्याला जमिनीची हकीकत सांगत असते. तुरीचे तसेच होते. मक्यासारख्या पिकाची मुळे वरच्या थरातच पसरतात. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या मुळांवरील गाठींना नत्र स्थिर करण्यासाठी हवा लागते. ती न मिळाल्यास गाठी कमी होतात. पाणी साचलेल्या जमिनीत दिलेला नत्रही वायुरूपाने उडून जातो. पीक पिवळे पडते, शेतकरी युरियाची आणखी एक गोणी टाकतो आणि तीही पुरेशी लागू पडत नाही.

आपल्या भागात या दुखण्याचे रूप विशेष क्रूर आहे. जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान सुमारे ७०० मिलिमीटर. त्यातही पाऊस मोजक्या दिवसांत कोसळतो आणि मग दोन-तीन आठवडे उघडीप पडते. दबलेले शेत पाऊस पडताना तुंबते आणि उघडीप पडताच सुकते, कारण मुळे वरच्या सहा-आठ इंचांतच अडकलेली असतात. खाली ओल असूनही पीक तहानेने कोमेजते.

पाण्याचा हिशेबही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. दबलेल्या जमिनीवरून हंगामात २५ मिलिमीटर पाणी जादा वाहून गेले, तर हेक्टरी अडीच लक्ष लिटर पाणी शेताबाहेर गेले. ते एकटे जात नाही. सुपीक माती घेऊन जाते. ओढ्यांतून, खाम नदीतून ती माती खाली येते आणि हर्सूलसारख्या तलावांत गाळ होऊन बसते. नंतर तोच गाळ काढण्यासाठी आपण पुन्हा जड यंत्रे आणतो.

दोष कोणाचा

येथे शेतकऱ्याला दोष देऊन मोकळे होणे न्यायाचे होणार नाही. बैलजोडीचा वर्षभराचा खर्च लहान खातेदाराला पेलत नाही, चराऊ रान उरले नाही, सालदार मिळत नाही. पेरणीचे दिवस थोडे असतात. ज्याच्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर नाही, त्याला भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहावी लागते. ट्रॅक्टर आपल्या बांधावर आला त्या दिवशी रान ओले असले, तरी “आज नको, चार दिवसांनी या” असे म्हणण्याची त्याची सोय नसते. ट्रॅक्टर परत पाठविला, तर पुढची पाळी केव्हा येईल याचा भरवसा नाही. म्हणजे जमीन दबते ती अज्ञानामुळे कमी आणि व्यवस्थेमुळे अधिक. यंत्र शेतकऱ्याचा शत्रू नव्हे. यंत्राने कष्ट वाचले आहेत आणि ते राहणारच. प्रश्न ते केव्हा, कोठून आणि किती वेळा न्यावयाचे, हा आहे.

आणखी एक उणीव आहे. २०१५ पासून देशभर मृद आरोग्य पत्रिका देण्यात येऊ लागल्या. त्यांत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये अशा बारा बाबी येतात. हे काम मोलाचे आहे. परंतु त्या बारांत जमिनीच्या घट्टपणाची नोंद नाही. त्यामुळे पत्रिका उत्तम आणि पीक मध्यम, असा अनुभव आला की शेतकरी गोंधळतो. ही तपासणी आपल्याला शेतावरच करावी लागेल आणि ती अवघड नाही.

उपाय

पहिला उपाय वाफसा. हा शब्द आपल्या शेतकऱ्याने घडविला आहे आणि त्यात सगळे शास्त्र सामावलेले आहे. परीक्षा सोपी आहे. पृष्ठभागावरची नव्हे, तर चार-सहा इंच खोलीवरची मूठभर माती घ्यावी, तिचा गोळा करावा व तळहातावर वळावी. शेवईसारखी बारीक वळी न तुटता निघाली, तर रान यंत्राला योग्य नाही. वळताना माती भुरभुरली, तर वाफसा आला. वरून कोरडे दिसणारे रान खाली ओले असते, हे विसरू नये.

दुसरा उपाय ठरलेली वाट. यंत्राची चाके दरवर्षी, दर फेरीला त्याच पट्ट्यांतून न्यावीत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या चिकण जमिनीवर ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. आपल्याकडेही तिचे बीज जुनेच आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत विकसित केली. पीक वरंब्यावर, चाल सरीतून, आणि जादा पाणीही सरीतूनच बाहेर. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने सोयाबीनसाठी या पद्धतीचा पुरस्कार केला आहे आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही तिचा प्रसार झाला. नेरळचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी रूढ केलेले सगुणा तंत्र आणखी पुढे जाते. त्यात गादीवाफे कायम ठेवून मशागतच टाळतात व आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू देतात.

तिसरा उपाय फेऱ्या व भार कमी करणे. खोल नांगरट दरवर्षी करू नये. तीन वर्षांतून एकदा, तीही गरज असली तर. रोटाव्हेटर वर्षातून अनेकदा फिरवू नये. ट्रॉलीच्या टायरमध्ये रस्त्यासाठी भरलेली हवा शेतासाठी फार कडक असते; म्हणून भरलेली ट्रॉली शेतात फिरवू नये, ती बांधालगत उभी करून माल तेथवर आणावा.

चौथा उपाय सेंद्रिय पदार्थ व मुळे. उसाचे पाचट व कपाशीची पऱ्हाटी जाळू नये. पाचट पसरून ठेवावे, पऱ्हाटी बारीक करून जमिनीत मिसळावी. ताग, धैंचा, तूर यांची मुळे आणि गांडुळे जे काम करतात, ते फुकट आणि कायमचे असते.

सबसॉयलर हा शेवटचा उपाय समजावा. कठीण थर कितव्या इंचावर आहे ते प्रथम पाहावे, जमीन कोरडी असतानाच त्याच्या थोडे खाली तो चालवावा आणि नंतर त्या रानात चाकांची वाट ठरवून द्यावी. ओल्या जमिनीत चालविल्यास तो थर फोडत नाही, केवळ चीर पाडतो. आणि सैल केलेली जमीन पुन्हा तुडविली, तर ती पूर्वीपेक्षा अधिक घट्ट होते.

ग्रामपंचायत व शाळा काय करू शकतील

ग्रामपंचायतीकडे तीन कामे आहेत. पहिले पाणंद रस्त्यांचे. वाट नसल्यामुळे एकाच्या मालासाठी दुसऱ्याचे शेत तुडविले जाते. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना २०२१ साली आली. तिच्याकडे केवळ दळणवळणाची योजना म्हणून न पाहता जमीन वाचविण्याची योजना म्हणूनही पाहावे. दुसरे काम गाळाचे. २०१७ साली सुरू झालेल्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेने हलक्या रानांना नवी माती दिली. पण भरलेल्या गाड्या शेतभर फिरू देऊ नयेत. गाळ कोरड्या दिवसांतच आणावा, एकच वाट आखून द्यावी, ढीग कडेला टाकावेत व हलक्या ट्रॅक्टरने पसरावेत. पहिला वळीव पडला की वाहतूक थांबवावी. तिसरे काम औजारांच्या पाळीचे. जेथे गटाची औजार बँक आहे, तेथे नंबर लावताना नाव कोणाचे आधी लागले याबरोबरच रान कोणाचे आधी वाफशावर आले हेही पाहावे. हलकी जमीन आधी वाफशावर येते, भारी नंतर. तसा क्रम लावला, तर कोणाचेच नुकसान होत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना दोन प्रयोग सुचवितो. चांगला पाऊस होऊन जमीन खोलवर भिजल्यावर एक-दोन दिवसांनी हातभर लांबीची लोखंडी सळई सावकाश दाबत न्यावी. जेथे एकाएकी जोर लागतो ती खोली मोजावी. हेच बांधावर, जेथे चाक कधी गेले नाही, तेथे करून दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. दुसरा प्रयोग पाण्याचा. १५ सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही बाजूंनी उघडा डबा भेगा मिटलेल्या जमिनीत दोन-तीन इंच ठोकून बसवावा आणि त्यात ४५० मिलिलिटर पाणी ओतावे. हे पाणी सुमारे २५ मिलिमीटर पावसाइतके होते. ते मुरण्यास किती मिनिटे लागली, हे शेतात व बांधावर मोजावे. मुलांनी काढलेला हा तक्ता ग्रामसभेत लावला, तर माझ्या भाषणापेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल.

मित्रहो, जमिनीत खताची उणीव असेल, तर ती एका हंगामात भरून काढता येते. दीड-दोन फुटांवर दबलेला थर मात्र आपल्या हयातीत मोकळा होईल, याची शाश्वती नाही. रस्ता बांधणारे पाणी शिंपडून, मोजूनमापून जमीन घट्ट करतात, कारण त्यांना ती घट्ट हवी असते. आपल्याला ती मोकळी हवी आहे. तेव्हा आपणही तितक्याच काटेकोरपणे वाफशाची वाट पाहिली पाहिजे. येत्या खरिपात प्रत्येक गावाने निदान तीन शेतांत सळईचा प्रयोग करावा आणि त्याची नोंद ग्रामपंचायतीत ठेवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.